एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधले गॅडोलिनियम शरीरात किती काळ राहते?

निरभ्र:
माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) असल्याने तिचा ठरावीक काळाने एमआरआय होतो आणि बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टचे, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून द्यायच्या औषधाचे, इंजेक्शनही दिले जाते. हे औषध दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. मात्र त्यातला गॅडोलिनियम हा धातू मेंदूत साठतो, असे आता वाचनात आले. यांपैकी खरे काय मानावे? तिची मूत्रपिंडे निरोगी आहेत.

शोधयात्री:
दोन्ही खरे आहे. मूत्रपिंडे निरोगी असतील तर साधारण दर दीड तासाला रक्तातले औषध निम्मे होत जाते आणि 24 तासांत 90 टक्क्यांहून अधिक बाहेर पडते. चिंता आहे ती मागे राहणाऱ्या अल्प अंशाची. सुट्या गॅडोलिनियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळ जाणारा असल्यामुळे तो पेशींतील कॅल्शियमचे मार्ग अडवतो, म्हणून औषधात हा धातू एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असतो. रेषीय रेणू त्याच्याभोवती दोरीसारखा गुंडाळलेला असतो आणि सैल होऊ शकतो; वलयाकार रेणूच्या पकडीतून तो सहसा निसटत नाही. वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूतील डेंटेट न्यूक्लियस व ग्लोबस पॅलिडस हे भाग कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या चित्रांतही उजळ दिसतात, हे जपानी संशोधकांनी 2014 मध्ये मांडले, आणि पुढे शवविच्छेदनातील ऊतींत प्रत्यक्ष गॅडोलिनियम सापडले. हाडांत तर ते मेंदूपेक्षा अधिक साठते.

क्षितिजा:
साठणे आणि अपाय होणे यांत मात्र फरक केला पाहिजे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व आतील ऊती कडक करणारा गंभीर विकार गॅडोलिनियमशी निगडित आहे, हे 2006 मध्ये लक्षात आले. निरोगी मूत्रपिंडे असलेल्यांच्या मेंदूत राहिलेल्या अंशामुळे अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही 2017 मध्ये युरोपीय औषध संस्थेने शिरेतून देण्याच्या अनेक रेषीय औषधांचा वापर थांबवण्याचा निर्णय घेतला, तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने औषधे चालू ठेवून इशारा व रुग्णांसाठी माहितीपत्रक सक्तीचे केले. मला युरोपचा निर्णय अधिक पटतो, कारण तितकेच स्पष्ट चित्र देणारे आणि धातू घट्ट धरणारे पर्याय उपलब्ध आहेत.

निरभ्र:
म्हणजे पुढच्या तपासणीआधी नेमके काय विचारावे?

शोधयात्री:
औषधाचे नाव विचारा आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा. गॅडोब्यूट्रॉल, गॅडोटेरिडॉल व गॅडोटेरेट ही वलयाकार आहेत, गॅडोडायअमाइड रेषीय. शिवाय नेहमीच्या पाठपुराव्यात जुन्या चित्रांशी ताडून नवे डाग ओळखता येत असतील, तर या वेळी कॉन्ट्रास्ट टाळता येईल का, हे तिच्या न्यूरोलॉजिस्टना जरूर विचारा. त्यांना ते आवश्यक वाटले तर केवळ भीतीपोटी नकार देऊ नका; आजाराची हालचाल नजरेतून सुटणे हा तिच्यासाठी अधिक मोठा धोका आहे.

क्षितिजा:
गॅडोलिनियम 'काढून टाकण्याचे' उपचार सुचवणारे कोणी भेटले तर सावध राहा. त्या औषधांचे स्वतःचे दुष्परिणाम असतात आणि त्यांनी प्रकृती सुधारते, याचा भक्कम पुरावा नाही.