गोटाबायांच्या सरकारचं नेमकं चुकलं काय?

रानवाटा

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी श्रीलंकेचं २०२२ चं आर्थिक संकट वाचतोय आणि गोंधळलोय. निम्मे लेख म्हणतात ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि कोरोना, निम्मे म्हणतात राजपक्षे घराणं. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुलै २०२२ मध्ये देश सोडून गेले. अडीच-पावणेतीन वर्षांत एवढं काय बिघडवलं त्यांनी? तिथे राहिलेलं कुणी असेल तर आकड्यांपेक्षा पाहिलेलं सांगा. आकडे माझ्याकडे ढीगभर आहेत.

आबा_मास्तर

माझ्या मते त्या सरकारवर जरा जास्तच खापर फोडलं जातं. २०१८ साली तेवीस लाखांवर पर्यटक आलेला देश तो. एप्रिल २०१९ मध्ये स्फोट झाले, वर्षभरात विमानं बंद पडली. डॉलर येणार कुठून? कर्जं आधीच्या सरकारांनी घेतलेली. अशा वेळी कुणीही खुर्चीवर असता तरी तोंडघशीच पडला असता.

निळी_शाई

मी २०१६ पासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत कोलंबोत होते. कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाला होते, पगारपत्रकं माझ्या टेबलावर तयार व्हायची. मास्तर, तुमचा राग येत नाही, कारण पर्यटन बुडालं हे खरंच आहे. पण पहिला घाव कोरोनाने घातलेला नाही. तो कधी बसला ते मी माझ्या हाताने पगारपत्रकात उतरवलंय.

जानेवारी २०२०. पगारातून करकपातीचा जो रकाना असतो तो त्या महिन्यात रिकामा ठेवायचा होता, सक्तीची कपातच रद्द झाली होती. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १२ लाखांवरून थेट ३० लाख रुपये (सगळे रुपये श्रीलंकेचे). म्हणजे महिना अडीच लाखापर्यंत कर शून्य. आमचे मॅनेजर, इंजिनियर, मी, सगळ्यांचा निव्वळ पगार वाढला. त्याच्या महिनाभर आधी, १ डिसेंबरला, व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला होता. शिवाय व्हॅटची नोंदणी करायची उलाढालीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाखांवरून ३० कोटी केली. आम्हाला बटणं, दोरा, खोकी पुरवणारे लहान पुरवठादार एकेक करून व्हॅटच्या बाहेर पडले. त्यांची बिलं बदललेली मला दिसत होती.

आणि कर्फ्यू लागला २० मार्च २०२० ला. तारखा लक्षात घ्या. सरकारने स्वतःची तिजोरी स्वतःच्या हाताने उघडी टाकली तेव्हा कोरोनाचं नाव कुणी घेत नव्हतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) कार्यक्रमात असलेला, डोक्यावर डॉलरची कर्जं असलेला देश, ज्याचा करमहसूल जीडीपीच्या बारा टक्क्यांच्या आसपास होता तो आठवर आला. वर्ष संपायच्या आत पतमानांकन संस्थांनी मानांकन इतकं खाली नेलं की बाहेर नवीन रोखे, म्हणजे कर्ज उभारायचे कागद, विकणं बंद झालं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेना. इथून पुढचं सगळं या एका निर्णयाला जोडलेलं आहे असं माझं ठाम मत आहे.

मग तूट भरायची कशी? मध्यवर्ती बँकेने नोटा छापून सरकारचे रोखे उचलले. आणि रुपया मात्र डॉलरला दोनशेच्या आसपास बांधून ठेवला. इकडे रुपये वाढताहेत, तिकडे डॉलर आटताहेत, आणि भाव मात्र तोच. आखातात काम करणाऱ्यांनी बँकेतून पैसे पाठवणं सोडलं. तिथे हवालाला 'उंडियल' म्हणतात, उंडियलवाला डॉलरला चाळीस-पन्नास रुपये जास्त देत होता. कोण बँकेत जाईल? २०२० मध्ये सात अब्ज डॉलरवर गेलेली ही आवक २०२१ मध्ये साडेपाच अब्जांवर आली. पर्यटकांचं दुःख कोरोनाचं, हे दुःख धोरणाचं.

घनश्याम_२२

ताई, पण खरा खलनायक चीन नाही का? हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. कर्जाचा सापळा म्हणतात तो हाच.

निळी_शाई

हंबनटोटाचा करार २०१७ चा, गोटाबाया यायच्या आधीचा. बंदर बांधलं मात्र त्यांचे थोरले भाऊ महिंदा राष्ट्राध्यक्ष असताना, तेव्हा घराण्याला त्यातून मोकळं सोडत नाही मी. पण देशाच्या बाहेरच्या कर्जात सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हताच, तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. व्याज चढं, मुदत आली की रक्कम एकरकमी.

त्यातलाच एक रोखा आठवतो. १८ जानेवारी २०२२, ५० कोटी डॉलर. तिथले कितीतरी अर्थतज्ज्ञ सांगत होते की आत्ता फेडू नका, नाणेनिधीकडे जा, कर्जाची फेररचना मागा, हे डॉलर औषधांना आणि इंधनाला ठेवा. सरकारने फेडले, आणि आम्ही कधी कर्ज बुडवलेलं नाही असं अभिमानाने सांगितलं. तीन महिन्यांनी, १२ एप्रिलला, बाहेरच्या कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर करावंच लागलं. मे महिन्यात अर्थमंत्री म्हणाले, वापरता येईल अशी गंगाजळी पाच कोटी डॉलरसुद्धा नाही. जानेवारीत रोखेधारकांना दिलेल्या रकमेचा दहावा हिस्सादेखील उरला नव्हता. मला आजही याची सर्वांत जास्त चीड आहे, नोटा छापण्यापेक्षाही जास्त. माझ्या घरमालकीणबाईंना थायरॉईडच्या गोळ्या मिळत नव्हत्या. चार दुकानं फिरून मी एक पाकीट आणलं, त्यांनी गोळीचे दोन तुकडे करून दिवसाआड घेतल्या.

रानवाटा

ताई, खूप आभार. सेंद्रिय शेतीचा निर्णय यात कुठे बसतो? तो वेडेपणा होता की त्यामागेही डॉलरच?

निळी_शाई

दोन्ही. जाहीरनाम्यात दहा वर्षांत सेंद्रियकडे वळू असं होतं. मग मे २०२१ मध्ये एका राजपत्रानिशी रासायनिक खत आणि कीटकनाशकांच्या आयातीवर बंदी, तीही लगेच. खताच्या आयातीवर वर्षाला साधारण ४० कोटी डॉलर जात होते, ते वाचवायचे होते हे सगळे जाणून होते.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती. मी तिला नंगी म्हणायची, सिंहलीत धाकट्या बहिणीला नंगी म्हणतात. तिचे वडील पोलोन्नारुवाचे, पराक्रम समुद्र नावाच्या तलावाच्या कालव्यावर अडीच एकर भात. हेच सरकार आल्या आल्या भाताला खत फुकट देत होतं, त्यांनी मतही त्यापायीच दिलं होतं. महा म्हणजे सप्टेंबरपासूनचा मोठा हंगाम. त्या महाला मी सुट्टीत तिच्या घरी गेले होते. रोप गुडघ्याएवढं हवं तिथे वीतभर, आणि खालची पानं टोकाकडून पिवळी पडत आत आलेली. वडिलांनी एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, याला युरिया हवाय, एवढंच हवंय. सरकारी कंपोस्टचं पोतं कोपऱ्यात होतं. त्यात काचेचे तुकडे आणि प्लॅस्टिक निघालं होतं. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, पण तोवर पेरणी होऊन गेली होती. शिवाय जगात युरियाचे भाव तोपर्यंत कडाडलेले. पुढे भात बाहेरून आणावा लागला आणि शेतकऱ्यांना सुमारे ४० अब्ज रुपयांची भरपाई जाहीर करावी लागली. वाचवायला निघालेले डॉलर तांदळावर गेले.

मास्तर, सेंद्रिय शेती वाईट असं मी म्हणत नाही. पण एका हंगामात अख्ख्या देशाचं खत तोडताना कृषी शास्त्रज्ञांनी धोका सांगितला होता. ऐकलं का नाही, याचं उत्तर राजकारणात आहे. १९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांना वेसण घातली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये २० वी दुरुस्ती आणून ती काढली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना संसदेचा दरवाजाही त्याच दुरुस्तीने उघडला आणि जुलै २०२१ मध्ये धाकटे भाऊ बेसिल त्यातून येऊन अर्थमंत्री झाले. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, एक पंतप्रधान, एक अर्थमंत्री, चौथे चमल सिंचनाला, महिंदांचे चिरंजीव क्रीडामंत्री. नाही म्हणणारं कोण उरलं त्या टेबलावर? कोरोनाने मेलेल्या मुसलमानांना दफन करू न देता जाळायचा हुकूम जवळजवळ वर्षभर याच सरकारने चालवला. जागतिक आरोग्य संघटना दफनाला धोका नाही सांगत होती, तरी. आमच्या कटिंग विभागातल्या एका माणसाच्या आईचं असं झालं. तो चार दिवस आला नाही, आला तेव्हा कुणाशी बोलत नव्हता. तेव्हा बाकीचे गप्प बसले. नंतर गॅसच्या रांगेत सगळेच उभे राहिले.

आबा_मास्तर

तारखांचा मुद्दा पटला, निळीताई. करकपात कोरोनाआधीची हे माझ्या ध्यानात नव्हतं. पण एक विचारतो. रुपया मोकळा सोडला असता तर महागाई लवकर भडकली नसती का?

निळी_शाई

भडकली असती, पण पायरीपायरीने. त्यांनी ७ मार्च २०२२ पर्यंत धरून ठेवला आणि मग हात सोडला. दोनशे तीनवरचा डॉलर मेमध्ये ३६० झाला. मार्चमध्ये हॉटेलात दुधाच्या चहाचा कप शंभर रुपये झाला. लोक रिकामी सिलिंडरं साखळीने एकमेकांना बांधून रात्री रांगेत ठेवून घरी जात. मार्चअखेर तेरा तास वीज नव्हती. आणि त्याच ३१ तारखेच्या रात्री मिरिहानाला गोटाबायांच्या घरापुढे माणसं जमली. सप्टेंबरमध्ये महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात होती. दोन वर्षं आधी हळूहळू सोडला असता तर लोकांना निदान सावरायला वेळ मिळाला असता.

रानवाटा

शेवटचं विचारतो. जबाबदारी कुणावर निश्चित झाली का? आणि करांचं पुढे काय झालं?

निळी_शाई

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की गोटाबाया, महिंदा, बेसिल आणि मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांच्यासह काही जणांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. तुरुंग नाही, दंड नाही, अर्जदारांना खर्चापोटी दीड लाख रुपये. प्रबंधिकेत तो निकाल नक्की घ्या, करकपातीचा उल्लेख त्यात आहे. त्याच वर्षी मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा आला, सरकारसाठी नोटा छापायला त्याने बंदी घातली.

करांचं म्हणाल तर व्हॅट २०२२ मध्येच आधी १२, मग १५ झाला आणि जानेवारी २०२४ पासून १८. पगारातला कर जानेवारी २०२३ पासून परत सक्तीचा झाला, मर्यादा पुन्हा वर्षाला १२ लाख, वरचा दर ३६ टक्के. मी तोवर तिथून निघाले होते. माझी जागा नंगीला मिळाली होती, बढतीमुळे तिचा पगार लाखाच्या थोडा वर गेलेला. २०२० मध्ये तिला त्या करकपातीतून एक रुपया मिळाला नव्हता, कारण तेव्हा ती कराच्या कक्षेतच नव्हती. फेब्रुवारीत तिने तिच्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. मी तीन वर्षांपूर्वी रिकामा ठेवलेला रकाना भरलेला होता, आणि तो तिनेच स्वतःच्या नावापुढे भरला होता.