किराणा दुकान चालवताय? तुमचे अनुभव सांगा

माझा पुतण्या नोकरी सोडून भावाच्या किराणा दुकानात बसायचं म्हणतोय. त्याला वाचायला देणार आहे, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्यांनी रोजचं काय असतं ते मोकळेपणाने लिहा.

पुणे
आधी त्याला मार्जिन समजावून सांगा. साखर आणि तेलाचा भाव गिऱ्हाईकाला तोंडपाठ असतो, तिथे किलोमागे रुपया-दोन रुपये सुटले तरी खूप, दुकान तरतं ते जिरं, खोबरं, शेंगदाणे, पोहे अशा सुट्या मालावर. मी अजून मार्केट यार्डात भुसार बाजारात स्वतः जातो, डाळ दाताखाली धरून बघतो मगच पोतं उचलतो. 2015 ला तूरडाळ 200 रुपयांना भिडली तेव्हा किलो नेणारे पाव किलो मागायला लागले आणि आमचं भांडवल मात्र तेवढ्याच पोत्यांत दुप्पट अडकलं.

लातूरकडचं गाव
आमच्याकडं उधारी सोयाबीन निघेपर्यंत. नाही म्हणता येत नाही, समोरचा शाळेपासूनचा ओळखीचा असतो. वहीत रकमेसोबत माल कोण घेऊन गेलं ते नाव लिहायचंच, नाहीतर पोरानं नेलेलं घरच्यांना आठवत नसतं आणि संबंध बिघडतात.

चिपळूण
22 जुलै 2021 चा पूर. 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते माहीत होतं म्हणून आदल्या रात्री सगळा माल त्याच्या वरच्या फळ्यांवर चढवून घरी गेलो आणि पाणी त्याच्याही वर गेलं. ओसरल्यावर शटर उघडेना, आतून तांदळाची पोती फुगून टेकलेली. साखरेची नुसती रिकामी पोती राहिलेली, बेसनाचा चिखल, आणि तो आंबूस वास अजून नाकातून जात नाही. उधारीची वही पण गेली. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईकं आपणहून यायला लागली, माझ्याकडे एवढे आहेत म्हणून पैसे देऊन जायची, सगळी नाही पण बरीच, आणि त्यांची स्वतःची घरं पण बुडालेली होती हो. होलसेलवाल्याने जुनी बाकी न मागता नवा माल पाठवला त्यावर परत उभे राहिलो. पुतण्याला सांगा, स्टॉकचा विमा काढ, त्यात पूर धरलाय ना ते वाच आणि खरेदीच्या बिलांचे फोटो मोबाईलमध्ये ठेव.

डोंबिवली
दुकान मीच बघते, मिस्टर नोकरीला. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपमुळे बिस्किटं-मॅगी कमी खपतात हे खरंय पण चकलीच्या भाजणीचं धान्य प्रमाणात मोजून माझ्याकडूनच नेतात, दिवाळीआधी तर श्वास घ्यायला वेळ नसतो. सप्टेंबर 2025 मध्ये साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्के जीएसटीवर आली तेव्हा रॅकवर जुन्या छापील किमतीचा माल, गिऱ्हाईक नवा भाव मागणार, हक्कच आहे त्यांचा, आणि मागून येणाऱ्या फरकाच्या क्रेडिट नोटची, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या नावावर जमा झाल्याच्या चिठ्ठीची, वाट बघत बसायचं. असल्या वेळेला हाताशी थोडी रोकड हवीच.

चिपळूणचे दादा, विम्यात स्टॉक खरेदीभावाने धरता की विक्रीच्या?

चिपळूण
खरेदीभावाने ताई. आणि गणपती-दिवाळीला माल दुप्पट भरतो ना, तेव्हा रक्कम आधीच वाढवून घ्या.