रीडर व्ह्यू हा उपाय आहे की साइटवाल्यांना मिळालेली सूट?

निशिगंध
परवा पुरणाची कृती ऐकत होते. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला, एनव्हीडीए, म्हणजे मला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, वाचायला लागला, मी डाळीकडे वळले. "डाळ मऊ शिजली की कट काढून घ्या आणि गूळ... ताज्या बातम्यांची सूचना हवी का? परवानगी द्या, बटण." पुढे गप्प. ओल्या हाताने एच, एच, एच करत मथळे शोधले, तेवढ्यात पान आपोआप रीलोड झालं आणि वाचन पुन्हा साइटच्या नावापासून. गूळ किती, ते शेवटी आईला फोन करून विचारलं.

डोळस मित्र म्हणतात, "एफ९ दाब, रीडर व्ह्यू लाव." लावते की, पानावरचा बाकी पसारा जाऊन नुसता लेख उरतो. पण त्या एका बटणावर बोट ठेवून साइटवाले मोकळे होतात, त्याचं काय?

आडवाट
ताई, मीही अंध आहे आणि मला हे पटत नाही. साइट सुधारायची वाट बघत बसलो असतो तर माझं एमए झालं नसतं. फायरफॉक्स असो की एज, एफ९ने लेख तेवढा उरतो. शिकायला दहा मिनिटं लागतात. आपल्याला टॅब आणि बाणांच्या पुढे कुणी शिकवतच नाही, खरी ओरड त्याची करायला हवी.

निशिगंध
एफ९ चालतं तिथे चालतं. पानाची बांधणी धड नसेल तर फायरफॉक्सला तिथे लेख आहे हेच कळत नाही. आणि त्या पुरणाच्या पानावर नंतर लावून पाहिलं, तर साहित्याची यादीच गायब!

छापखाना
मी एका छोट्या मराठी साइटचं तांत्रिक काम बघतो. रीडर व्ह्यूत जाहिराती जातात आणि आमचे पगार जाहिरातींवर होतात. लेख फुकट हवा, जाहिरातही नको, हे कसं जमायचं?

निशिगंध
जाहिरात नको असं कुठे म्हटलं मी? तिच्या चौकटीला नाव द्या, ऐकेन नाहीतर ओलांडून जाईन. राग आहे तो बोलणाऱ्याला मध्येच तोडण्याचा. तुमच्याच भाषेत सांगते. लाइव्ह रीजनला, म्हणजे पानाच्या आपोआप बदलणाऱ्या भागाला, 'असर्टिव्ह' लिहिलं की स्क्रीन रीडर हातातलं वाक्य टाकून आधी ते बोलतो. 'पोलाइट' लिहिलं की चाललेलं बोलणं संपेपर्यंत थांबायचं असतं. एका शब्दाचं काम. दर चेंडूला बदलणारा धावफलक कुणी असर्टिव्ह ठेवतं का हो?

छापखाना
धावफलक आमच्याकडेही आहे. बघतो. पॉपअप मात्र मालक काढू देणार नाहीत.

कलमबहाद्दर
मालकांना सांगा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवायची सोय हवी, हे वेब सुगम्यतेच्या निकषांत २००८ पासून आहे, तेही अगदी किमान पातळीच्या अटींत.

आडवाट
साहेब, निकाल उत्तम. पण काल लेख उघडल्याबरोबर व्हिडिओ बोंबलायला लागला, तेव्हा कलम २१ काय कामाचं? लॅपटॉपचा आवाज बंद करावा तर एनव्हीडीएही मुका. ते थांबवायचं बटण शोधायचं कशाने, त्याच एनव्हीडीएने ना? म्हणून म्हणतो, आधी एफ९.

निशिगंध
आडवाट, हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात :)

छापखाना
ताई, ते पुरणाचं पान आमचं तर नव्हे? लिंक व्यनि (खासगी निरोप) केलीय.

निशिगंध
नाही, तुमचं नव्हे. पण तुमच्या पानाची भाषा कोडमध्ये 'ईएन' ठेवलीय. माझा स्क्रीन रीडर तुमचा मराठी अग्रलेख इंग्रजी आवाजात वाचायला घेतो आणि एक अक्षर कळत नाही. पॉपअपचं नंतर बघू, आधी तिथे 'एमआर' करा.