‘एनहान्समेंट’ला मराठीत काय म्हणावं?

काठपदर: डेंगीवरचा लेख मराठीत आणतेय, ‘अँटीबॉडी-डिपेंडंट एनहान्समेंट’पाशी तीन दिवस अडले आहे. मी ‘प्रतिपिंडाश्रित संसर्गवर्धन’ लिहिलं. संपादक म्हणाले, ‘वर्धन’ वाचून काही चांगलं घडतंय असं वाटतं. मलाही तसंच वाटायला लागलंय. डेंगीच्या विषाणूचे ४ प्रकार. एका प्रकाराविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करतातच असं नाही. प्रतिपिंडाच्या दोन हातांत विषाणू धरलेला आणि प्रतिपिंडाचं शेपूट जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशीवरच्या एफसी ग्राहीत (ते शेपूट पकडणाऱ्या खोबणीत) अडकलेलं, अशा अवस्थेत पेशी दोघांना आत ओढते. विषाणूला हवी असते तीच ही पेशी, तो तिथे फोफावतो. शब्द सुचवा.

जुनी वही: ‘वर्धन’ तटस्थ आहे. रक्तदाबवृद्धी, भाववाढ यांत कुठे काय चांगलं आहे?

मधली सुट्टी: ‘घातक प्रतिपिंडं’ म्हणा, सरळ कळतं.

काठपदर: ते चुकीचं होईल. भरपूर असली तर तीच प्रतिपिंडं वाचवतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाला आधी काही महिने जपतात, आणि ओसरत एका टप्प्यावर आली की पहिल्याच डेंगीत बाळ अत्यवस्थ होऊ शकतं.

शेवंती: मग ‘उलटणं’ घ्या ना! प्रतिपिंडं उलटली. माझी आजी ‘ताप उलटला’ म्हणायची.

जुनी वही: ‘ताप उलटला’ म्हणजे उतरलेला ताप परत आला. क्यूबात १९७७ साली प्रकार १ ची साथ होती, १९८१ साली प्रकार २ ची. त्या दुसऱ्या साथीत १५८ माणसं दगावली, त्यांत १०१ मुलं. चार वर्षांनी आलेल्या वेगळ्या विषाणूच्या तापाला ‘उलटला’ म्हणता येत नाही.

शेवंती: आमच्या घरी उतरणीला लागलेला ताप एकाएकी विकोपाला गेला की ‘उलटला’ म्हणत. आजीच्या उशाशी बसून मी ऐकलंय.

मधली सुट्टी: विषाणूच्या पथ्यावर पडतं, एवढंच लिहा की. नेमकं तेच होतंय.

काठपदर: वाक्यात सुरेख बसेल. शीर्षकाला नाम हवंय.

टाकबोरू: मुळात ‘प्रतिपिंड’च का? ‘पिंड’ म्हटलं की देह आठवतो. हे तर प्रथिनाचे रेणू. ‘प्रतिद्रव्य’ लिहा.

जुनी वही: जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखनं १८९१ साली प्रतिपिंडासाठी ‘आंटीक्योर्पर’ शब्द वापरला, त्यातल्या ‘क्योर्पर’चा अर्थही देहच. मग दोष आपल्याच शब्दाला का?

टाकबोरू: जर्मनची अडचण आपण का वाहायची? मूळ चुकलं असेल तर मराठीत सुधारून घ्यावं.

मधली सुट्टी: दवाखान्यात सगळे ‘अँटीबॉडी’च म्हणतात. रुग्णाच्या नातेवाइकाला ‘प्रतिद्रव्य’ सांगून बघा.

टाकबोरू: कुणी लिहिलंच नाही तर त्याच्या कानावर पडणार कुठून?

शेवंती: आत्ताच मावशीला विचारलं. तिच्याही तोंडी ‘उलटला’ म्हणजे विकोपाला गेला.