आजोबांच्या पेटीतल्या जुन्या कादंबऱ्या: आधी कोणती वाचू?

प्रश्न: अमळनेरची_लेक

आमचं गावाकडचं धाब्याचं घर यंदा पाडायला काढलंय. माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी निघाली. वर हिशेबाच्या वह्या, खाली कादंबऱ्या. नाथमाधवांची 'वीरधवल', 'सावळ्या तांडेल', 'स्वराज्याचा श्रीगणेशा', दातारशास्त्रींची 'बंधुद्वेष', शिवाय पहिली-शेवटची पानं गेलेलं एक जाडजूड पुस्तक. सगळ्यांना जाड्याभरड्या कापडाची बांधणी, दोरा जागोजागी पुन्हा ओवलेला. इतकी हाताळलेली पुस्तकं मी वाचनालयातसुद्धा पाहिली नाहीत.

मी मराठी घेऊन बीए केलं, पण यातलं एकही पुस्तक आम्हाला अभ्यासाला नव्हतं. चुलते म्हणतात रद्दीत घाल. मला ते जमणार नाही. मला ती वाचायची आहेत. आधी कोणती घेऊ? आणि एवढी खपलेली पुस्तकं अशी विस्मरणात गेली कशी?

उत्तर: पांझराकाठ (धुळे)

कारण एका वाक्यात सांगायचं तर समीक्षकांनी त्यांना आपलं म्हटलं नाही. आमच्या धुळ्यात शेवटची वर्षं काढलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1902 मध्येच 'कादंबरी' हा निबंध लिहून रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या नादी लागलेल्या आपल्या लेखकांना फटकारलं होतं. दातारशास्त्रींचा बराच डोलारा रेनॉल्ड्सवरच उभा आहे. ना. सी. फडक्यांची 'अल्ला हो अकबर' (1917) मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरून. मूळ इंग्रजी पुस्तकं आता इंग्रजीतही फारसं कुणी वाचत नाही. मग रूपांतरं कोण सांभाळणार?

उत्तर: जुना_ग्रंथपाल (चोपडा)

ताई, पेटी कुणाला देऊ नका.

मी तालुक्याच्या वाचनालयात उभी नोकरी केली. कोणतं पुस्तक लोकांना खरोखर आवडलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळायचं. समीक्षकांनी नावाजलेली पुस्तकं कपाटात कोरी राहायची. नाथमाधव मात्र दर एक-दोन वर्षांनी बांधणीवाल्याकडे जायचे. तुमच्या पेटीतला तो पुन्हा ओवलेला दोरा हीच त्या पुस्तकाची पावती आहे.

आणि 'खपलेली' म्हणताना एक लक्षात घ्या: विकत घेणारा एक आणि ऐकणारी अख्खी आळी, असं तेव्हा होतं. आमच्या आईच्या माहेरी कापूस वेचून झाला की रात्री कंदिलापाशी एकजण वाचायचा. प्रकरण संपवून त्यानं पुस्तक मिटलं की ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बाया विचारायच्या, "मंग काय व्हयनं?" आई हे सांगायची तेव्हा तिला कथेतली माणसं नावानिशी आठवत. तिनं स्वतः ते पुस्तक कधी हातात घेतलं नव्हतं.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (1882–1928). शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. पुढचं सगळं लेखन अंथरुणावरून. हे ठाऊक झाल्यावर 'सावळ्या तांडेल'मधला दर्या वाचताना माझा जीव भरून येतो. त्यांनी एकीकडे शिवकाळावर स्वराज्यमाला लिहिली आणि दुसरीकडे 'डॉक्टर' नावाची तीन भागांची सामाजिक कादंबरीही. अशा माणसाला नुसतं 'रंजनपर' म्हणून बाजूला सारणं मला कधीच पटलं नाही. म्हणून तुम्ही 'सावळ्या तांडेल'पासून सुरू करा. 'वीरधवल' त्यानंतर, रात्री निवांत असताना. 'बंधुद्वेष' सगळ्यात शेवटी. तिची वाक्यं लांब आहेत, सवय व्हायला वेळ लागतो.

पहिली-शेवटची पानं गेलेल्या पुस्तकाचं नाव बहुतेकदा प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेलं असतं, ते बघा. तिथे नसेल तर पात्रांची नावं इथे टाका. अंदाज आला की शंकर गणेश दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त पडताळता येईल. पहिल्या भागात 1800 ते 1937 पर्यंतची पुस्तकं आहेत. पानांना चिकटपट्टी अजिबात लावू नका, कागद आणखी कुजतो. उन्हातही टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

उत्तर: अमळनेरची_लेक

काका, माथ्यावर नाव नाही, नुसतं 'प्रकरण' आणि आकडा आहे. पात्रांमध्ये रागिणी आणि उत्तरा या दोघी. पानंच्या पानं वादविवाद चाललेत, स्त्रियांचे हक्क, वेदान्त, सगळंच. कथा मध्येच थांबते, पण मला ते आवडतंय.

उत्तर: जुना_ग्रंथपाल (चोपडा)

मग सूचीची गरजच नाही. ती वामन मल्हार जोशींची 'रागिणी', 1915 ची. तिचं पूर्ण नाव 'रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद'. नावातच चर्चेची कबुली आहे. एके काळी शिकलेल्या घरांत ती असायचीच. तुमच्या आजोबांनी तलवारबाजी आणि वेदान्त एकाच पेटीत ठेवला, मोठा माणूस होता.

उत्तर: पारोळ्याचा_पोर

आमच्या पारोळ्यात 1864 मध्ये जन्मलेल्या हरिभाऊ, म्हणजे हरि नारायण आपट्यांचं नाव आहे, पण 'वज्राघात' आज किती जणांनी वाचलीय? विजयनगरच्या पाडावावरची आहे, मिळाली तर सोडू नका. आणि नाव उलटं करून गल्लत होते ते नारायण हरी आपटे (1889–1971) वेगळे. त्यांची 'न पटणारी गोष्ट' वाचा. 'प्रभात' फिल्म कंपनीचा 1937 चा 'कुंकू' सिनेमा तिच्यावरूनच निघाला. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न ती मुलगी मानतच नाही. माझ्या आजीनं तो सिनेमा पाहून घरी भांडण केलं होतं. सिनेमा लोकांना आठवतो, कादंबरी विचारली की दुकानदार आपल्याकडे बघत बसतो.

ताई, 'रागिणी'ची गेलेली पानं मी माझ्या प्रतीवरून झेरॉक्स करून देतो. तुमच्या प्रतीतलं पहिलं शिल्लक पान कितवं आहे, तेवढं कळवा.