मदत हवी आहे: खड्ड्यांच्या रस्त्यावर अल्टो ८०० कशी सांभाळावी?

फुलेवाडी_नाका
नमस्कार मंडळी. गाडी अल्टो ८००, रोजचा रस्ता कोल्हापूरजवळचा, फुलेवाडी ते कळे आणि परत. सध्या तीन गोष्टी झाल्यात. डाव्या पुढच्या टायरला बाजूनं लिंबाएवढं टेंगूळ आलंय. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून खडखड येते आणि ब्रेक मारला की एकदाच 'टक्' वाजतं. स्टेअरिंग सोडलं की गाडी डावीकडं जाते.
टायर बदलायचेच आहेत तर १३ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम) आणि १५५/६५ टायर बसवा, असा सल्ला मिळालाय. स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकले की गाडी घासत नाही असंही ऐकतोय. काय करू?

नटबोल्ट
भावा, तो टायर आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. टेंगूळ म्हणजे टायरच्या भिंतीतले धागे तुटलेत, तिथली हवा आता नुसत्या रबरानं धरलीय. भिंतीला पॅच चालत नाही. कुणी चालेल म्हटलं तरी ऐकू नका, पुढचा टायर वेगात फुटला तर गाडी आवरत नाही.

अलॉयचा हिशेब बघा. कंपनीचा टायर १४५/८० आर १२, म्हणजे रुंदी १४५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, ११६ मिमी, आणि रिम १२ इंची. १५५/६५ ची भिंत भरते साधारण १०१ मिमी. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधली १५ मिमी गादी तुम्ही पैसे देऊन कमी करणार. गाडी उंचही होत नाही, उलट चाकाचा एकूण व्यास ५ मिमीनं कमीच होतो. शिवाय लोखंडी रिम वाकली तर बेंड काढून मिळतो. अलॉयला तडा गेला की ती बादच समजा. १२ इंचीच ठेवा.

हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, टायर गार असताना, दर १५ दिवसांनी. पंपावर न विचारता ३५ भरतात, तेवढ्यावर टायर दगडासारखा होतो आणि सगळा दणका सस्पेन्शनवर जातो. कमी हवा त्याहून वाईट. कड लागली की रिम आणि खड्डा यांच्यात भिंत चिमटते. टेंगूळ बहुतेक वेळा असंच येतं.

उद्यमनगरी
ब्रेकवर 'टक्' म्हणजे पहिला संशय लोअर आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बुशवर, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरावर. बुश फाटला की ब्रेक मारताना आर्म मागं सरकून आपटतो. गाडी एका बाजूला ओढणंही त्यातूनच येऊ शकतं, पण नवे टायर बसल्यावर पुन्हा बघा, खराब टायरनंही गाडी ओढते.

पुढचं चाक उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडं धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे. दोन्हीकडं घट्ट असेल आणि तरी खडखडत असेल तर शॉकर (धक्के जिरवणारा) आणि स्ट्रट माउंट (त्याच्या वरच्या टोकाची रबरी बैठक) बघा. शॉकरवर तेलाचा ओघळ दिसला तर दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला. ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) सांध्यांवरचे रबरी बूटही तेव्हाच तपासा. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, आत चिखल जातो आणि वळताना कटकट सुरू होते. तोवर जॉइंट गेलेला असतो, वेळेत नुसता बूट आणि ग्रीस बदललं असतं तर वाचला असता.

बुश बदलताना एक गोष्ट हटकून सांगा: आर्मचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचा आवळायचा. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत पुन्हा फाटतं. 'नवा बुश टिकत नाही' या तक्रारीमागं बहुतेकदा हेच असतं. बॉल जॉइंटही ढिला असेल तर अख्खा आर्म घ्या. हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं; आधी केली तर वाया.

फुलेवाडी_नाका
आभारी आहे दोघांचा. बफरचं राहिलं. आणि इंजिनखाली गार्ड लावू का?

उद्यमनगरी
बफर नको. स्प्रिंग दबायची जागा अडते, मग तोच दणका शॉकर आणि माउंटवर बसतो. स्प्रिंग दबून खाली बसली असेल तर नवी घ्या. गार्ड जरूर लावा, पत्र्याचा, पण ऑइल सोडायच्या बोल्टपाशी भोक हवं. चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) जोरात लागलं तर लगेच थांबून खाली बघा. तेलाचा लाल दिवा लागला तर इंजिन जागेवर बंद, गॅरेजपर्यंतही नेऊ नका.

नटबोल्ट
चालवण्यातलं एक राहिलं. खड्डा चुकत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि कडेशी येताच पाय काढा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं वजन पुढं येतं, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, धक्का गिळायला जागाच उरत नाही. चाकं सरळ ठेवा. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं चिकटून जाऊ नका, ट्रॉलीखालून खड्डा निघतो तेव्हा ब्रेकला वेळच नसतो. स्टेपनीची हवाही आज बघून घ्या, तीच लावणार आहात.