लेतोवला एका सदस्यपत्राने मोजायचे का?

धागाकर्ता
रशियन पंक-रॉक गायक येगोर लेतोववरचे एक टिपण काल वाचले आणि गप्प बसवेना. 1990 च्या दशकात लेखक लिमोनोव आणि उग्र राष्ट्रवादी विचारवंत दुगिन यांच्या, राष्ट्रवाद आणि साम्यवाद यांची सांगड घालणाऱ्या राष्ट्रीय बोल्शेविक पक्षाचे चौथ्या क्रमांकाचे सदस्यपत्र ज्याने घेतले, त्याचे आधीचे बंड नाटकच होते, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. हे मला मान्य नाही. 1984 साली सायबेरियातल्या ओम्स्क शहरात 'ग्राझ्दान्स्काया ओबोरोना' हा बँड काढणाऱ्या या मुलाला केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा, ससेमिरा लागला आणि 1985 च्या डिसेंबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला मनोरुग्णालयात डांबले गेले. तिथल्या औषधांच्या माऱ्याने काही काळ दिसेनासे झाले होते, असे त्याने पुढे सांगितले. नाटक करणारा माणूस एवढी किंमत मोजत नाही.

प्रतिसाद 1
किंमत मोजली म्हणून पुढचे सगळे माफ होत नाही. ज्या राज्याने त्याला डांबले, त्याच राज्याच्या लाल निशाणांसाठी तो 1993 च्या ऑक्टोबरात येल्त्सिनने रशियन संसदेवर तोफा डागल्या त्यानंतर उघडपणे उभा राहिला आणि त्याच्यामागून कितीतरी पोरे त्या पक्षाच्या दारात गेली. दुगिनचे विचार आज कुठे पोहोचले, हे युक्रेनकडे पाहिले तरी कळते. गाणे चांगले आहे, एवढे म्हणून हा हिशेब मिटत नाही.

प्रतिसाद 2
1989 मध्ये मी मॉस्कोत शिकत होतो. वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलाने मला एक कॅसेट ऐकवली. ती नकलेची नक्कल होती, पाठीवर निळ्या शाईने नाव लिहिलेले होते, आणि ढोल बादलीवर वाजवल्यासारखा ऐकू येत होता. त्या खरखरीतून त्याचा आवाज आला, तेव्हा भाषा अर्धीच कळूनही अंगावर काटा आला. आताच्या साफसूफ केलेल्या आवृत्त्यांत तो काटाच राहिलेला नाही आणि वारशाची खरी हानी मला तिथे दिसते.

प्रतिसाद 3
खरखर ही गरिबीची खूण होती, तिला देव्हाऱ्यात बसवू नका. 1987 च्या उन्हाळ्यात त्याने घरातच पाच अल्बम ध्वनिमुद्रित केले आणि जवळजवळ सगळी वाद्ये एकट्याने वाजवली. शिवाय आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जुन्या ध्वनिमुद्रणांवर पुन्हा काम करून नव्या आवृत्त्या त्याने स्वतःच तयार केल्या. कर्त्याचा निर्णय आपल्या आठवणीला मानवत नाही, म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

प्रतिसाद 2
कर्त्यालाही स्वतःच्या वस्तूची पारख नेहमीच असते असे नाही. तुम्ही ती कॅसेट ऐकलेली नाही, त्यामुळे तुमच्याशी हा वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद 3
हे उत्तर नव्हे, अरेरावी आहे. ज्यांचा जन्म 1989 नंतर झाला, त्यांनी लेतोव ऐकूच नये काय? नव्या आवृत्त्या त्याने केल्या, एवढे तरी मान्य करा.

प्रतिसाद 2
केल्या, हे मान्य. आवडल्या, हे वदवून घेऊ नका.

धागाकर्ता
कॅसेट पुरे झाली, कृपया मुद्द्यावर या. 'सगळे योजनेनुसार चालले आहे' या 1988 च्या गाण्यातला निवेदक कोरियाबद्दलचे मासिक विकत घेतो आणि तिथे कॉम्रेड किम इल सुंग (उत्तर कोरियाचे हुकूमशहा) आहेत, म्हणजे तिथेही आपल्यासारखेच छान असणार, असे समाधानाने सांगतो. ज्याने ही सुखावलेली आंधळी श्रद्धा इतक्या नेमकेपणाने पकडली, तो पाच-सहा वर्षांनी स्वतःच एका पक्षाच्या व्यासपीठावर चढतो. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच, आणि म्हणूनच दोन्ही लेतोव एकत्र वाचले पाहिजेत.

प्रतिसाद 1
एकत्र वाचा, याला माझी हरकत नाही. तो पुढे पक्षापासून दूर गेला आणि 2007 च्या शेवटच्या अल्बममध्ये तर निशाण कुठेच नाही, हेही मी मानतो. परंतु 2018 मध्ये ओम्स्कच्या विमानतळाला त्याचे नाव द्यावे अशी मोहीम निघाली, तेव्हा त्या पक्षाचा उल्लेखही टाळणारे चाहते मी पाहिले आहेत. शेवटी विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातले सोव्हिएत सेनानी कार्बिशेव यांचे नाव दिले गेले, याचे मला वाईट वाटले नाही.

धागाकर्ता
मला वाटले. मात्र तो उल्लेख टाळणारे चाहते चुकले, हे तुमचे म्हणणे मी मनाविरुद्ध का होईना, स्वीकारतो.